चौदा दिवस दार बंद

आमच्या दाराची घंटा दोनदा तोकडी आणि एकदा लांब वाजली की कोण आहे हे विचारायची गरज नसे. सकाळचे नऊ वाजलेले असत. दार उघडलं की उंबऱ्यापासून हातभर लांब, थोडे कडेला सरकून रीडिंगकाका उभे असत. काखेत निळ्या पुठ्ठ्याची वही, शर्टाच्या बटणाला दोऱ्याने बांधलेलं पेन आणि हातात, लख्ख उजेडातसुद्धा, विजेरी.

"रीडिंग," ते म्हणत. एवढंच.

मी खुंटीवरची गच्चीची किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवायची. दहा मिनिटांनी ती परत यायची आणि तिच्याबरोबर कालचा आकडा. "कालचे एकसष्ट." किंवा, "चोपन्न. ढग होते." माझ्या हातात कणकेचा गोळा असो नाहीतर फोन, आकडा ऐकून घेतल्याशिवाय ते जिना उतरत नसत. आकडा ऐकणारं माणूस हवं, नाहीतर तो नुसता लिहिलेला राहतो, असं त्यांचं म्हणणं.

एकदा मी त्यांना आत या म्हटलं तर म्हणाले, "मीटर आत आहे का? नाही ना? मग कशाला?"

तेहतीस वर्षं त्यांनी वीज कंपनीत मीटर वाचायचं काम केलं होतं. लोकांच्या जिन्याखाली, चपलांच्या कपाटामागे, कोळ्याच्या जाळ्यात डोकं घालून. उंबऱ्याबाहेर हातभर उभं राहायची सवय तिथलीच. कुत्र्याला आधी नीट दिसलं पाहिजे आणि घरातल्या बाईला वाटता कामा नये की हा माणूस आत डोकावतोय. त्यांच्या भागातली माणसं त्यांना नावापेक्षा युनिटांनी जास्त ठाऊक. रस्त्यात कोणी नमस्कार केला की ते नमस्कार करत आणि मग पुटपुटत, "दोनशे दहावाले." आमच्या यांची ओळख त्यांनी काकूंना अशीच करून दिली होती. "हे चौथ्या मजल्यावरचे. एकशे पंचाहत्तर. गीझर विसरतात."

त्यावर काकू मला म्हणाल्या होत्या, "माझ्याकडे लग्नापासून बघतायत, पण माझ्यावर आकडे कुठे आहेत? वाचता येत नाही त्यांना."

काकांची जीभ मात्र घसरली नाही कधी. म्हणजे असं, की घरात पाहुणे कधी आले, कोणाचा मुलगा परगावी गेला, कोणाच्या घरी दोन फ्रीज आहेत आणि सांगतात एकच, हे सगळं मीटर त्यांना सांगायचं. त्यांनी ते पुढे कोणाला सांगितलं नाही. अपवाद एकच. एका म्हाताऱ्या बाईंचं मीटर महिनाभरात चारच युनिट सरकलेलं दिसलं. दुसऱ्या कोणी आकडा लिहून पुढचं घर गाठलं असतं. काकांनी दार वाजवलं, वाजवतच राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा न विचारता उंबरा ओलांडला. बाई महिनाभर आजारी होत्या आणि दोन दिवसांपासून जमिनीवर पडून होत्या. वाचल्या. पुढे दर महिन्याला त्या काकांची वाट बघत दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि ते आले की म्हणायच्या, "बघ रे, चालू आहे ना मी?"

त्यांच्या जुन्या वहीत खुणा असत. कुत्रं सोडलेलं असेल तर 'कु.', मीटरची काच धुरकट असेल तर 'का.', मीटर अडकलेलं असेल तर 'मी. बं.', आणि घराला कुलूप असेल तर 'दा. बं.', म्हणजे दार बंद. दार बंद असलं की मागच्या महिन्यांची सरासरी काढून आकडा लिहायचा आणि शेजारी खूण करायची, अशी पद्धत. त्यांचे काही सोबती चहाच्या टपरीवर बसून अख्खी गल्ली दार बंद करून टाकत. काका नाहीत. "ज्या दारापुढे मी उभा राहिलो नाही, त्याच्या नावापुढे ही खूण केली नाही," हे ते इतक्यांदा सांगत की काकू तोंड हलवून त्यांच्याबरोबर म्हणून दाखवत.

मग आपला आकडा आपणच कळवणारी मीटरं आली. जिन्याखाली जायची गरज उरली नाही. शेवटची दोन वर्षं काकांना कार्यालयात खुर्ची दिली, पाकिटं चिकटवायला. "मला वयाने नाही, मीटरने निवृत्त केलं," ते म्हणायचे. निवृत्तीनंतर सहा-सात महिने ते तळमजल्यावरच्या त्यांच्या खिडकीत बसून असायचे. मी भाजी घेऊन आले की पिशवीकडे बघून म्हणायचे, "तीन किलो," आणि बरोबर असायचं.

त्यांना त्या खिडकीतून उठवलं हेडबाईंनी.

हेडबाई दुसऱ्या मजल्यावर राहतात. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्यावर शाळा सुटली तरी घंटा त्यांच्याकडेच राहिली, असं आमचे हे म्हणतात. विजेची बिलं वाढायला लागली तेव्हा त्यांनी बावीस घरांना एका गच्चीवर बसवलं आणि सांगितलं, आपण आपली सहकारी संस्था काढू. गच्ची सगळ्यांची, सोलरच्या प्लेटा सगळ्यांच्या, वीज सगळ्यांची. एकट्याने घ्यायला गेलो तर महाग पडतं, बावीस जणांनी मिळून घेतलं तर सुसह्य. शिवाय सरकारची नवीन योजना होती. अशा छोट्या संस्थेने दर वर्षी जेवढी वीज तयार केली, तेवढ्या प्रत्येक युनिटमागे वर्षअखेर प्रोत्साहन म्हणून काही रक्कम मिळणार होती. ती वाटून खायची नाही, तिच्यातून आणखी प्लेटा बसवून आणखी घरं जोडायची, हेही कागदावर होतं.

जोडायची घरं कुठली, हे आम्हाला शोधावं लागलं नाही. आमच्या इमारतीच्या मागे आठ बैठ्या खोल्यांची ओळ आहे. पत्र्याची छपरं, प्लेटांचं वजन सोडा, एखादं गुबगुबीत मांजर चाललं तरी आत धूळ पडते. पहिल्याच खोलीत शिलाईवाली राहते. तिचं मशीन दिवसभर चालतं, त्यामुळे तिथल्या आठांमध्ये सगळ्यात मोठं बिल तिचं. आमच्या गच्चीवर प्लेटांची दुसरी ओळ बसली की त्या आठ घरांचा वाटा तिथे ठेवायचा, असं ठरलं होतं. शिलाईवाली येताजाता गच्चीकडे बघून विचारायची, "पिकलं का हो वरचं शेत?"

योजनेची अट एकच, पण चिवट. गच्चीवरच्या मीटरचा आकडा रोज डोळ्यांनी वाचून वहीत लिहायचा आणि वाचणाऱ्याने सही करायची. मोठ्या संस्थांना आकडा पाठवणारी यंत्रं होती, आमच्यासारख्यांना वही. रोज कोणी बघत असेल तर बिघाड लगेच सापडतो, प्लेटा धूळ खात पडत नाहीत, असा त्यामागचा विचार. तीन महिन्यांत पाच दिवसांपर्यंत खंड चालेल. त्याहून जास्त पडला आणि त्याला धड कारण नसलं, तर त्या तीन महिन्यांचं प्रोत्साहन बाद.

हेडबाईंनी सभेत विचारलं, "रोज कोण वाचणार?"

सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. मागून आवाज आला, "मीटर कोणत्या कंपनीचं आहे?" काका उभे होते. पुढच्या पंधरा मिनिटांत त्यांनी मीटर किती उंचीवर लावायचं, कोणत्या बाजूने त्यावर ऊन नको आणि वही कसली हवी, हे सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी घंटा वाजली, दोनदा तोकडी, एकदा लांब. गच्चीची एक किल्ली माझ्याकडे, कारण मी सगळ्यात वरच्या मजल्यावर आणि दिवसभर घरी. दुसरी हेडबाईंकडे.

काकांनी ते वर्ष कसं घालवलं हे मी रोज बघत होते. चौथ्या दिवशी म्हणाले, "वहिनी, काल दोन युनिट कमी आले. ऊन तेच होतं." मी म्हटलं, असतील. दुपारी ते पुन्हा वर गेले आणि खाली आले ते हसू दाबत. "तुमच्या डबलबेडच्या चादरीने खाल्ले. सावली प्लेटेवर पडत होती." तेव्हापासून आमच्या चादरी उत्तरेच्या दोरीवर गेल्या. एकदा आकडा एकदम आठाने घसरला, तर त्यांनी तंत्रज्ञाला बोलावून सैल झालेली वायर शोधून दिली. तो तंत्रज्ञ म्हणाला, एरवी हे आम्हाला महिन्याने कळतं. काकांनी त्याला दोनदा सांगायला लावलं. एकदा माझ्यासमोर आणि एकदा काकूंसमोर.

नववा महिना उलटला आणि घंटा अधूनमधून वाजेनाशी झाली.

मी फार मनावर घेतलं नाही. वाटलं, हेडबाईंच्या किल्लीने गेले असतील. त्या हल्ली लवकर उठून त्यांना चहा देतात म्हणे. हेडबाईंना वाटलं, माझ्याकडून किल्ली घेतली असेल. वहीत रोजचा आकडा होता, खाली सही होती, महिन्याची बेरीज जुळत होती. हेडबाई बेरीज तपासत, त्या गणिताच्या.

तपासणीला दोन दिवस राहिले तेव्हा वहीला कव्हर घालायचं काम माझ्याकडे आलं. कव्हर घालता घालता पानं चाळली. अक्षर काय सुंदर, जणू आकडे रांगोळीत बसवलेत. आणि शेवटच्या तीन महिन्यांत, कडेच्या रकान्यात, बारीक पेन्सिलीने काहीतरी. 'दा. बं.' पुढच्या पानावर पुन्हा. 'दा. बं.' मी बोट ठेवून मोजलं. चौदा वेळा.

मी तिथेच बसले. दार बंद? कोणाचं? मी लग्न होऊन या घरात आले त्याला चोवीस वर्षं झाली. माझ्याकडे डिग्री आहे, ती कपाटात आहे; मी घरी आहे. शेजारच्यांची कुरिअरं, तिसऱ्या मजल्यावरचं बाळ, गॅसवाला, सगळे मला गृहीत धरतात ते याच एका गोष्टीवर की माझं दार वाजवलं तर उघडतं. आणि सरकारी वहीत, सुंदर अक्षरात, चौदा वेळा लिहिलेलं की ते बंद होतं.

वही घेऊन मी तडक खाली गेले. काकू दारात होत्या. माझ्या हातातली वही बघून त्या म्हणाल्या, "सापडलं ना? मी सांगत होते." आणि आत वळून, "अहो, उठू नका आता. बसूनच ऐका."

काका पलंगावर बसले होते. उजवा पाय उशीवर, गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी.

"काका, ही खूण कसली?"

त्यांनी पिशवी गुडघ्यावर नीट दाबली. "जिन्याच्या अठ्ठावन्न पायऱ्या आहेत, वहिनी," ते म्हणाले. "काही दिवशी अठरा व्हायच्या. काही दिवशी नऊ."

"मग मला सांगायचं. मी वाचला असता आकडा."

"वाचणाऱ्याची सही माझी आहे."

"आणि दार माझं आहे," मी म्हणाले. माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण काकूंनी पाण्याचा पेला पुढे केला. मलाच.

काका म्हणाले, "सरासरी काढून, त्या दिवशीचं ऊन बघून लिहिलं. सरासरी लिहिली की खूण करायची, हा नियम. नुसताच आकडा लिहून टाकला असता तर कोणाला कळलं नसतं. पण ते खोटं झालं असतं. म्हणून खूण केली. खुणांमध्ये जी जवळची होती ती केली." मग म्हणाले, "ज्या दारापुढे मी उभा राहिलो नाही..." आणि वाक्य पुरं केलं नाही. काकूंनीही या वेळी तोंड हलवलं नाही.

संध्याकाळी मी बोलावलं म्हणून हेडबाई काकांच्या घरी आल्या. त्यांनी नियमांचं पुस्तक आणलं होतं, रेघा मारलेलं. त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं. मीटरची जागा बंद असल्यामुळे खंड पडला असेल आणि किल्ली सांभाळणाऱ्याने तसं लेखी दिलं, तर खंड माफ.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे तू लिहून द्यायचं की त्या चौदा दिवशी सकाळी तू घरी नव्हतीस. मी लिहून आणलंय. तुझी सही हवी." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "आणि माझी दुसरी किल्ली हरवली होती, असं मी लिहिलंय. मी आधीच सही केली आहे. मीसुद्धा खोटं लिहिलंय, एकटीवर ढकलत नाही."

मुख्याध्यापिकेने खोट्या चिठ्ठीवर सही केलेली मी पहिल्यांदा पाहिली. त्यांचा चेहरा शाळेत मुलाला उभं करतात तसा झाला होता, फक्त उभ्या त्या स्वतःच होत्या.

"शेवटचे तीन महिने कडक उन्हाचे होते," त्या म्हणाल्या. "वर्षातलं सगळ्यात मोठं पीक. ते बाद झालं तर आठ घरं बसत नाहीत. मी हिशेब केलाय. सहा बसतात."

मागच्या ओळीतून शिलाईवालीच्या मशीनचा आवाज येत होता, थांबून थांबून.

मी सही केली. मला वाटलं, बाजाराला गेले होते असं म्हणायचं; बायका जातात की बाजारात. काकांसमोर कागद ठेवला. ते तो वाचत बसले, डावीकडून उजवीकडे, आकडा वाचतात तसे. मग घडी घालून त्यांनी तो शर्टाच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "असू दे माझ्याकडे."

तपासणी आमच्या इमारतीच्या खालच्या सभेच्या खोलीत झाली. तपासणीच्या मॅडम तिशीच्या असतील. पाठीवर बॅग, पायात बूट. आधी गच्चीवर जाऊन मीटर बघून आल्या आणि मगच बसल्या, हे काकांना आवडलं; त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मॅडमनी वही उघडली. नऊ महिन्यांची पानं भराभर उलटली. मग वेग कमी झाला.

"ही खूण?"

"दार बंद," काका म्हणाले.

"गच्चीचं? किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे," मी म्हणाले. "एक हेडबाईंकडे."

"मग लेखी काही आहे का? आता लेखी नसेल तर..."

हेडबाईंनी काकांकडे पाहिलं. घडी घातलेला कागद त्यांच्या शर्टाच्या खिशातून दिसत होता. काका उठले. उठताना टेबलाची कड धरावी लागली, आणि ती मॅडमना दिसेल अशीच धरली.

"यांचं दार उघडं होतं," ते म्हणाले. "चौदाही दिवस. माझाच गुडघा बंद होता. मी खूण चुकीची केली."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग आजारी असं का नाही लिहिलंत? शेऱ्याचा रकाना आहे. वाचणारा आजारी असेल तर पंधरा दिवसांपर्यंत सूट आहे. फक्त त्याच दिवशी तसं लिहिलेलं हवं."

हेडबाईंनी डोळे मिटले. एवढी रेघा मारलेली पुस्तिका, पण वाचणारा आजारी पडेल हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, म्हणून तो परिच्छेद रेघेविना राहिला होता.

काकांना मात्र खरंच नवल वाटलेलं दिसलं. "आमच्या वहीत वाचणाऱ्यासाठी खूणच नव्हती," ते म्हणाले. "कुत्र्याला होती. काचेला होती. वाचणारा पडला तर दुसरा वाचणारा जायचा. वहीला कळायचंसुद्धा नाही."

"आता मागाहून लिहून चालणार नाही."

"नकोच. एकदा चुकीचं लिहिलं, तेवढं पुरे."

मॅडम बराच वेळ पानं पुढेमागे करत होत्या. कॅल्क्युलेटर काढला, ठेवला. मग विचारलं, "हे अंदाज कसे लावलेत? पुढच्या दिवसाच्या आकड्याशी ताडून पाहिलं. सगळ्यात मोठा फरक दोन युनिटांचा आहे."

"खिडकीत बसून. ऊन बघायचं. ढग किती वेळ थांबला ते बघायचं." काका जरा ओशाळले. "आणि तो दोन युनिटांचा दिवस, त्या दिवशी दुपारी माझा डोळा लागला होता."

मॅडम हसल्या. पण शेवटच्या तीन महिन्यांवर त्यांनी रेघ मारली ती मारलीच, आणि मला वाटतं काकांना त्यांचा आदर वाटला तो त्याच रेघेमुळे. बाकीचे नऊ महिने मान्य. जाताना त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षीही हाताने लिहिणार असाल, तर खुणांची यादी पहिल्या पानावर लावा. बाहेरच्या माणसाला कळली पाहिजे."

काकांनी खिशातला कागद काढून माझ्या हातात दिला. मी घरी जाऊन त्याचे तुकडे केले आणि पिठाच्या रिकाम्या पिशवीबरोबर टाकून दिले. माझी सही मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसली. फार टापटिपीने केली होती.

आठातली सहा घरं. हेडबाईंनी चिठ्ठ्या टाकल्या, कारण कोणाला वगळायचं हे ठरवायला कोणी तयार नव्हतं. दोन कोऱ्या चिठ्ठ्या निघाल्या. त्यातली एक शिलाईवालीची.

त्या दिवशी काका मागच्या ओळीकडे गेले. पायऱ्या नसल्या तरी वाटेत दगड आहेत. मी लांबून मागे चालत होते, पडले तर म्हणून. ते तिच्या दारापासून हातभर अंतरावर उभे राहिले.

"माझ्यामुळे राहिलं," ते म्हणाले.

ती मशीनवरच होती. पायाचा दाब काढला, दोरा तोडला. "ते कळलं मला. आठांना एका दमात कळलं. तुम्ही खोटं बोलला असता तर माझं घर लागलं असतं का?"

"लागलं असतं."

"मग बोलायचं होतं," ती म्हणाली. मला वाटलं, आता ऐकवणार. पण ती काकांच्या पायाकडे बघत होती. "वर्षभर थांबायचं म्हणजे काय, थांबते. बसा इथे. वर करा ती पॅन्ट." तिने टेप काढला आणि गुडघ्याच्या वर एकदा, खाली एकदा माप घेतलं. "पट्टा शिवते, चांगला रुंद इलॅस्टिकचा. दुकानातला घसरतो. आणि शिलाई माफ नाही हं. पुढच्या वर्षी माझ्या वाट्याची वीज दिलीत की फिटली."

"किती इंच?" काकांनी विचारलं.

"सोळा."

"सोळा," ते म्हणाले, आणि पेन चाचपलं. लिहून ठेवायचं त्यांच्या मनात होतं, पण वही बरोबर नव्हती.

नव्या वर्षाची वही हिरव्या पुठ्ठ्याची आली. पहिल्या पानावर काकांनी खुणांची यादी लिहिली. दार बंद, काच धुरकट, मीटर बंद. कुत्र्याची खूणही लिहिली. आमच्या गच्चीवर कुत्रं नाही हे मी सांगितलं तर म्हणाले, येऊ शकतं. सगळ्यात शेवटी वेगळी ओळ होती. 'गु. = वाचणाऱ्याचा गुडघा.'

पहिले बारा दिवस घंटा रोज वाजली. दोनदा तोकडी, एकदा लांब. पट्टा पॅन्टवरून दिसायचा. तिने उरलेल्या कापडातून शिवला होता, फुलाफुलांचा. तेराव्या दिवशी नऊ वाजून गेले, सव्वानऊ झाले. मी जिन्याच्या कठड्यावरून वाकून पाहिलं. चार मजले खाली, पहिल्या पायरीवर काका बसले होते. मांडीवर वही.

"वहिनी," त्यांनी तोंड वर करून हाक मारली, "किल्ली तुमच्याकडेच आहे ना?"

मी गच्चीवर गेले. मीटरपुढे उभी राहिले आणि मग, का कोण जाणे, हातभर मागे सरकले. आकडा वाचून आले आणि जिन्यात उभी राहून मोठ्याने सांगितला. दुसऱ्या मजल्यावर हेडबाईंनी दार उघडून ऐकला. काकांनी तो खालून परत म्हणून दाखवला, एकेक अंक सुटा.

"शेवटचा सात की एक?" ते म्हणाले. "जाऊन बघा परत. विजेरी नेली होती का?"

नेली नव्हती. मी परत गेले. सातच होता.

"आता खाली या. सही तुम्हाला करावी लागेल. वाचलं तुम्ही."

मी अठ्ठावन्न पायऱ्या उतरले. उतरताना पहिल्यांदाच मोजल्या. काकांनी वही माझ्यापुढे धरली, पेनाचा दोरा बटणापासून ताणून माझ्यापर्यंत आणला. आकडा त्यांच्या अक्षरात होता. त्याच्या शेजारी पेनाने, पेन्सिलीने नव्हे, 'गु.' लिहिलेलं होतं. आणि त्यापुढे, शेऱ्याच्या रकान्यात, लिहायची काही गरज नसताना, तीन शब्द होते. 'दार उघडे होते.'

मी सही केली.